सीतेचं हलकं तोंड

वजनदार वस्तूला मोल देणारी माणसं गावोगाव आहेत, पण ज्या वस्तूला वजनच नाही तिच्यासाठी जीव टाकणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या आक्काचे मालक. निरवांगीत त्यांचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होता. इंग्रजी अमदानीतली गोष्ट, मी तेव्हा पंचविशीत होतो. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण माणूस ओळखण्यात मी कुणाला हार जात नाही, तेव्हा सांगतो ते खरं धरून चाला.

झालं असं, की आक्का बैलगाडीतून पडली आणि तिचं उजवं मनगट वाकडं जुळलं. खेळात राम, रावण, मारुती आणि सगळ्यांचे आवाज दाजींकडे. सीता मात्र कायम आक्काच्या हातात. त्या सीतेचं मुंडकं सागाचं. दोऱ्यांवर तोलून धरलं की घटकाभरात आक्काचा हात थरथरायला लागायचा. सीता खुंटीला गेली. पण जोंधळे निवडताना, चुलीशी बसल्यावर आक्काची बोटं दोऱ्या ओढल्यासारखी हलायची. ती बोटं दाजींनी पाहिली आणि त्यांना हलकेपणाचं वेडच लागलं. बारामतीच्या बाजारात ते वाळक्या भोपळ्याला दोरी बांधून करंगळीला अडकवायचे आणि डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे. गिऱ्हाइकं खोळंबायची. माळीण म्हणायची, "अवो, ह्येचा तंबुरा करायचा हाय का ह्येला पाळन्यात घालायचं हाय?" दाजी डोळे न उघडता म्हणायचे, "ह्येला नाक काढायचं हाय." नाक काढलं, रंग दिला, पण गाल असे फुगलेले की आक्का म्हणाली, "ही सीता न्हाय, बाळंतीण हाय." मग कागद भिजवून, चिकटायला मेथीबरोबर कुटून तोंड केलं; महिनाभर घराला मेथीचा वास आणि सुकल्यावर सीतेची हनुवटी मानेत गेलेली. पांगाऱ्याचं हलकं लाकूड मी सुचवलं. माझ्या बांधावरचा ओंडका खांद्यावर वाहून नेला. दाजींनी घाईनं तो उन्हात टाकला आणि कोरलेल्या नाकावरून चीर गेली. पांगारा वाईट नव्हे, ऊन वाईट, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याच डोस्क्याचं मुंडकं कराया पायजे. आत काईच न्हाय, लई हलकं हुईल." दोन महिने मी त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

शेवटी लग्नाची बाशिंगं करणाऱ्या एका म्हातारीकडे त्यांना भेंड मिळालं. पाण्यात वाढणाऱ्या झाडाचा पांढराशुभ्र गाभा, कापसाच्या भावंडासारखा. तुकड्याला तुकडा चिकटवून दाजींनी तोंड घडवलं. आक्कानं सीता उचलली ती धरूनच राहिली. चुलीवर दूध उतू गेलं, तरी खाली ठेवीना.

तालीम सगळी बंद घरात झाली, त्यामुळे वाऱ्याचं कुणाच्या ध्यानीमनी नाही. नरसिंहपूरच्या जत्रेत तिसऱ्या प्रहरी संगमाच्या घाटावर खेळ लागला. वारा दोन्ही नद्यांवरून येत होता. लंका जिंकून राम पुढं आला आणि सीतेनं गर्रकन मान फिरवली. आक्कानं दोरी ओढून तोंड वळवलं, ते पुन्हा फिरलं. लोक खदखदा हसायला लागले. मी पडद्यामागंच उभा होतो. दाजींचा चेहरा पार उतरला. "मानंला खडा बांधू का?" ते कुजबुजले. खडा म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे पुन्हा खुंटी. आक्कानं मानेनंच नको म्हटलं. आणि जी बाई पडद्यामागून कधी अक्षर बोलली नव्हती, ती खणखणीत आवाजात बोलली, "आत्ता आलात व्हय? वाट बघून डोळं वाळलं माझं! जावा, न्हाय बघायची मी तुमच्याकडं!"

हसू जागच्या जागी थांबलं. बायांनी डोळ्याला पदर लावले. राम म्हणजे दाजीच, ते रामाची दोरी विसरून आक्काकडं बघत राहिले.

पुढं कुठंही खेळ लागला, की आक्का आधी वारं कुणीकडनं येतंय ते बघायची आणि तिकडंच तोंड करून पडदा बांधायला लावायची, म्हणजे सीतेनं मान फिरवावी. आठ जत्रा तिनं अशा केल्या. आक्का गेल्यावर दाजींनी ती सीता कुणाच्या हाती दिली नाही. मी एकदा हट्टानं कारण विचारलं, तर नदीकडं बघून म्हणाले, "वारं पडलंय, पाव्हणं. आता ती मान फिरवायची न्हाय."