दोन टिचक्या

मेलेल्याला ठेवून जिवंत माणसाला पुसायचा पराक्रम धाकट्याने केला, तोही समोरचा चहा गार व्हायच्या आत.

इस्पितळाच्या औषधगोदामाचं दार आता किल्लीने उघडत नव्हतं. दोन्ही कानांमागच्या हाडांवर चकत्या टेकवायच्या. एक बारीक गुणगुणते, आणि ती गुणगुण कवटीतून फिरून दुसरीत निघते. प्रत्येकाच्या हाडातून ती वेगळी निघते म्हणे. त्यावरून यंत्र माणूस ओळखतं. ते बसवणारा आणि सांभाळणारा धाकटा. आधी तो मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. समोर येईल ती वस्तू बोटाने ठोकून कान लावायची त्याची खोड. मुलगी बघायला गेला तेव्हा तिथला टीपॉय ठोकून बघितला, आणि लग्न तिथेच मोडलं.

गोदाम आधी थोरल्या भावाकडे होतं. तो गेला, त्याच्या जागी वहिनी लागली, त्याच्याच क्रमांकावर. त्यामुळे एका क्रमांकाखाली दोन आवाज. साहेबांनी बजावलं, "गेलेल्या माणसाच्या आवाजाने दार उघडायला नको. आजच्या आज पुसा." धाकट्याने पुसला, पण वहिनीचा.

दुपारी वहिनी दाराशी उभी आणि दिवा लालच.

"भावजी, तुमच्या यंत्राच्या मनातून उतरले वाटतं मी."

"सर्दी झालीय का तुम्हाला?"

"सर्दी नाकाला होते, हाडाला नाही."

धाकट्याने नोंदी उघडल्या आणि जीभ चावली. वहिनीचा आवाज पुन्हा नोंदवला. मग थोरल्याचा पुसायला बोट नेलं, तोच ती म्हणाली, "थांबा. तो ऐकता येतो?"

"ऐकण्यासारखं काय त्यात. दोन सेकंदांची गुणगुण."

"जन्मभर त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं नाही. दोन सेकंदांचं तरी कळू दे."

त्याने चकत्या लावून दिल्या. तिने डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, मग म्हणाली, "शेवटी कुणीतरी लाकडावर नख ओढतंय, भावजी."

धाकट्याने पुसायला नेलेलं बोट मागे घेतलं.

लहानपणी दोघे भाऊ जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दात टेकवून बसायचे. एकाने नख ओढायचं. आवाज दातांतून थेट डोक्यात. दुसऱ्याला ऐकू आलं की त्याने दोन टिचक्या द्यायच्या. कुरतडलेल्या कडा बघून आईने उंदरांचं औषध आणलं होतं. धाकट्याने हे वहिनीला कधी सांगितलं नव्हतं. थोरला सांगेल हे तर शक्यच नाही. तो भाजी अळणी झाली तरी सांगायचा नाही.

"यंत्राची खरखर असेल," म्हणत त्याने चकत्या स्वतःला लावल्या.

गुणगुण, आणि मग ओरखडा. लांब, सावकाश, धाकट्याला शिरशिरी यावी म्हणून थोरला नेहमी ओढायचा तसाच. ही नोंद करताना धाकटा शेजारीच होता. थोरल्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि त्या खोलीत लाकूड औषधालाही नव्हतं.

त्याने पुन्हा ऐकलं. ओरखडा या वेळी जरा आधी आला.

"पुसू नका, भावजी."

"साहेब विचारतील."

"पुसला म्हणून सांगा. माझा पुसलातच की, खोटं कुठे आहे त्यात?"

साहेबांनी विचारलं, त्याने तसंच सांगितलं. आवाज अजून तिथेच आहे. यंत्र तपासायला गेला की धाकटा चकत्या लावतो, ओरखडा ऐकतो. बोट आपसूक लोखंडी टेबलाकडे जातं, टेकायच्या आत तो ते खिशात घालतो.

"काय म्हणतात?" वहिनी विचारते.

"वाट बघतोय," तो म्हणतो.

दोन टिचक्या द्यायच्या राहिल्यात. त्या दिल्या आणि पलीकडून पुन्हा नख ओढलं गेलं, तर काय करायचं, हे काही केल्या त्याला ठरवता येत नाही.