कळव्याची बाटली

हरिहर मेहेंदळ्यांनी नोकरी सोडली, पण पावसाने काही हरिहर मेहेंदळ्यांना सोडलं नाही. उभा जन्म हवामान खात्यात पावसाचे आकडे मांडण्यात गेला. तिथल्या साहेबाचं म्हणणं, एका शहराला एक पर्जन्यमापक पुरे. हरिहरपंत मान डोलवायचे, पण मनातून पटायचं नाही. घराजवळ नौपाड्यात धो धो कोसळत असताना शहराच्या दुसऱ्या टोकाला बाळकुमची अंगणं कोरडी, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका ठिकाणचा पाऊस किती अंतरापर्यंत दुसऱ्या ठिकाणची खबर देतो, याचा नियम आकड्यांतून काढायचा, एवढाच ध्यास त्यांनी निवृत्तीनंतर घेतला.

मग त्यांनी पत्र्याची नरसाळी करून घेतली, प्रत्येकाखाली एक बाटली. एक घरच्या अंगणात, एक बाळकुमच्या मित्राकडे, एक डोंबिवलीला पुतण्याच्या दारात आणि एक खाडीपलीकडे कळव्याला, धाकट्या विधवा बहिणीकडे, सुमतीकडे. पावसाळाभर दर रविवारी छत्री टेकत, दुखरे गुडघे ओढत हे गृहस्थ बाटल्या गोळा करत फिरायचे. "लष्कराच्या भाकऱ्या," मंदाकिनीबाई म्हणायच्या, आणि त्याच हातांनी नवऱ्याच्या गुडघ्यांना तेल चोळायच्या.

अशी पाच वर्षं गेली. १९५५ साल उजाडलं. आकडेमोडीने डोळे अधू झाले, पण एक नवल हाती लागलं. नवरात्र सरून बाकीच्या बाटल्या कोरड्या पडल्या, तरी कळव्याच्या बाटलीत थोडं पाणी असायचंच. पूल ओलांडला की कळवा, पण पावसाच्या बाबतीत ते लांबच्या डोंबिवलीपेक्षाही परकं निघालं. खाडीच्या वाऱ्याने तिथे उशिरापर्यंत सरी येतात, असा निष्कर्ष काढून हरिहरपंतांनी निबंध लिहिला. पुण्याच्या एका सभेने तो वाचायला बोलावलं. जुना साहेबही तिथे येणार होता. आयुष्यात एकदा त्याच्यासमोर आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं.

जायच्या आधीच्या रविवारी ते कळव्याला निघाले. उन्हाचा ताव होता. पुलाच्या कठड्याला टेकत टेकत एकदाचे पोचले. सुमतीने बाटली आणून दिली. तळाशी पाणी होतं.

"सुमे, तुझ्या या बाटलीने माझा निबंध तारला बघ," ते म्हणाले. "सगळीकडे ठणठणाट, आणि तुझ्याकडे मात्र सर येऊन जाते."

सुमती पदराशी चाळा करीत उभी राहिली. "सर कसली, दादा. मीच घालते पळीभर."

"तू?"

"भांडं रिकामं परत देऊ नये, आई सांगायची. त्यातून भावाला." मग ती म्हणाली, "आणि बाटली कोरडी निघाली की तू यायचं बंद करतोस. मग थेट पुढच्या मिरगाला उगवतोस."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येतं, एवढा साधा प्रश्न आकड्यांत मुरलेल्या या माणसाला पाच वर्षांत सुचला नव्हता. हरिहरपंत ओट्यावर बसून राहिले. रागावण्याचंही त्राण नव्हतं. कोणत्या रविवारी खरी सर आणि कोणत्या रविवारी पळी, हे आता सुमतीलाही सांगता आलं नसतं. त्यांचा नियम खराही असेल, पण त्याचा पुरावा त्या पळीत बुडाला होता.

"काही बिघडलं का रे?" सुमतीने विचारलं.

"नाही गं. पळीभर पाण्याने काय बिघडतंय."

येत नाही म्हणून त्यांनी पुण्याला कळवलं. साहेबाचा एका शहराला एक मापक कायम राहिला, आणि हे हरिहरपंतांना फार लागलं. कित्येक दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. नरसाळी काढून त्यांनी माळ्यावर टाकली.

पौषातल्या एका रविवारी आभाळ स्वच्छ होतं. ते पुन्हा पूल ओलांडून गेले. दारात भावाला बघून सुमती गोंधळली.

"अरे दादा, बाटली तर मी कधीच उचलून ठेवली. आता कुठला पाऊस?"

"ठाऊक आहे," चपला काढत हरिहरपंत म्हणाले, आणि गुडघे धरून ओट्यावर टेकले. "चहा टाक."