मागचं चाक

रहाटणीतल्या आमच्या मेकॅनिकला दुसऱ्याची चूक हळू आवाजात सांगताच येत नाही. "कुणी हात लावला व्हता याला?" हे त्याचं वाक्य रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही पाठ आहे.

परवा सकाळी चाकणला शिफ्टला निघालो, तर कितीही रेस दिली तरी स्कूटर वेग घेईना. तशीच त्याच्याकडे नेली. त्यानं ती मधल्या स्टँडवर चढवली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. अर्ध्या फेरीतच ते थांबलं.

"इंजिन ठणठणीत हाय. ब्रेक लई आवळलाय, त्यानं चाक धरलंय. कुणी हात लावला व्हता याला?"

"तुम्हीच. काल संध्याकाळी."

गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती. बोलून गेल्यावर मीच ओशाळलो.

"मंग चूक माझी हाय," तो म्हणाला, चहावाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.