सहा मिलीमीटरची फट

मिलीमीटरशेठ,

पत्राला ‘प्रिय’ लावायची सध्या माझी तयारी नाही. कारखान्यात तुला ज्या नावाने हाक मारायचे, त्याच नावाने सुरुवात करते. त्या नावाला तू आयुष्यभर जागलास. तुझं घर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. तरी गेलं दीड वर्ष आपण बहीणभाऊ एकमेकांच्या दारात उभे राहिलेलो नाही. लोक विचारतात, भाऊ काय करतो? मी सांगते, होडी केली त्याने, स्वतःच्या हाताने, लाकडाची. अरे वा, म्हणतात, मग जाता का फिरायला? तिथे माझं तोंड बंद होतं, आणि माझं तोंड बंद होणं ही काही रोजची गोष्ट नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सोळाव्या वर्षी तू ओतकामाच्या कारखान्यात लागलास तो काही हौसेने नव्हे. दोघांतल्या एकालाच कॉलेजात पाठवता येईल असं बाबांनी सांगितलं, आणि माझे मार्क जास्त होते. मी पदार्थविज्ञान शिकले, तू पॅटर्न-शॉपमध्ये गेलास. याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. फक्त कोणाशी ओळख करून देताना म्हणायचास, “ही आमची ताई. आमच्या घरातली शिकलेली.” त्यात काय काय भरलेलं असायचं ते मला कळायचं. मी कळत नसल्यासारखं करायचे. माझी सोय होती त्यात.

तुझं काम मला आवडायचं, हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. पंपाचं कवच, झडपेचं तोंड, चाकाची तबकडी, जे लोखंडात किंवा पितळेत ओतायचं ते आधी तू लाकडात करायचास. तो लाकडी नमुना ओल्या वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू जगभर जायचा. तुझं लाकूड पुसून परत फडताळात. अडतीस वर्षं हेच.

धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना खऱ्या मापापेक्षा किंचित मोठा लागतो. दर वेळी आकडेमोड नको म्हणून तुमच्याकडे वेगळी पोलादी पट्टी असायची. तिचा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा दीड टक्क्याने लांब. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तुम्ही तिला फुगीर पट्टी म्हणायचा. एकदा जेवणं झाल्यावर तू डोळे मिटून, दोन पट्ट्या अंगठ्याने चाचपून, कुठली फुगीर ते मला सांगितलं होतंस. दहादा विचारलं, दहाही वेळा बरोबर. हे लक्षात ठेव. मी परत येणार आहे याच्याकडे.

निवृत्त झालास आणि घरामागच्या शेडमध्ये होडी मांडलीस. चौदा फुटी, एका शिडाची. “तीन वर्षं लागतील,” म्हणालास. लागली अकरा. आधी फळ्या पुरेशा वाळल्या नव्हत्या. मग जरा जास्तच वाळल्या. मग व्हार्निशचे चार हात दिलेले तू खरवडून काढलेस, कारण चौथ्या हातात ब्रशचा एक केस अडकला होता. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, “काय मग, समुद्रच इथवर यायची वाट बघताय का?” तू हसायचास. तुझी बायको हसायची नाही.

ती बिचारी लोकांचे पडदे शिवायची. होडीचं शीडही तिनेच शिवलं, पडद्यांच्याच मशीनवर, बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लावून. शिवता शिवता तिच्या लक्षात आलं, की जिथे सुई असायला हवी तिथे नेमका डाग दिसतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे थांबणार नाही, वर्षभरात शिवणकाम जाईल, वाचन जाईल, माणसांचे चेहरे जातील. शिडाची शेवटची शिवण तिने बोटांनी चाचपत पुरी केली आणि माझ्याकडे आली.

“वन्सं, मला कुठे जायला नको, काही नको. ते शीड वाऱ्याने फुगलेलं एकदा बघायचंय. तेवढं सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते.”

“माझं कोण ऐकतंय, वहिनी!” मी म्हटलं, पण सांगितलं. सांगितलं म्हणजे तुझ्यावर ओरडले. त्याने असो किंवा कशाने, तू दिवस ठरवलास. रविवारी सकाळी सात वाजता टेम्पो येणार, होडी धक्क्यावर जाणार. सगळं झालं होतं. फक्त सुकाणू टांगायचं राहिलं होतं.

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन आले ती तिथेच अडकले. सुकाणूचं पितळी सामान तूच नमुने करून जुन्या कारखान्यातून ओतून आणलं होतंस. होडीच्या मागच्या फळीवर दोन कड्या, सुकाणूच्या कडेला दोन पिना. पिना वरून कड्यांत सोडायच्या, की सुकाणू दारासारखं फिरतं. खालची पिन वरचीपेक्षा बोटभर लांब, म्हणजे आधी ती सापडते, मग वरची. मला हे सगळं तू समजावून सांगत होतास आणि चक्क खूश होतास. इतकं खूश मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तू गुडघे टेकून मागच्या फळीवर टेपने चाळीस सेंटीमीटर मोजलेस, कड्या बसवल्यास आणि दोन्हींतून एक सरळ सळई घालून त्या एका रेषेत आहेत ना, ते सात वेळा पाहिलंस. सात, मी मोजलं. सुकाणू मागे सुतारकामाच्या घोडीवर आडवं ठेवलं होतं.

“ताई, तू त्याच्यावर पिनांच्या खुणा कर. चाळीसच. ही घे पट्टी.”

मी घेतली. चाळीसच्या रेघेवर पेन्सिल टेकवली. तू ड्रिल मारलंस, बोल्ट आवळलेस. तेवढ्यात टेम्पोवाला डोकावून गेला.

“काका, उद्या नक्की ना? मागच्या खेपेला दोर घेऊन आलो आणि तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. माझी बायको म्हणते, होडी खरंच आहे की तुम्ही नुसतेच गप्पा मारायला जाता?”

“उद्या नक्की. बायकोलाही आण.”

दोघांनी मिळून सुकाणू उचललं. खालची पिन उतरली, वरची उतरली. तू दांडा हलवलास, अजिबात आवाज न करता ते फिरलं. तुझी बायको शेडच्या दारात मान तिरकी करून उभी होती, कारण तेव्हा ती डोळ्यांच्या कडेनेच बघायची.

“बसलं?”

“बसलं!” मी म्हटलं.

तू वाकलास आणि वरच्या कडीपाशी नख घातलंस. सुकाणू खालच्या कडीवर नीट टेकलं होतं, वरच्या कडीवर टेकलं नव्हतं. मधे फट होती. टेप काढून मोजलीस. सहा मिलीमीटर. मग घोडीवरची पट्टी उचललीस, उलटीसुलटी केलीस.

“ही फुगीर आहे.”

“तूच दिलीस.”

“कोपऱ्यात कोरलंय तिच्यावर. वाचलं नाहीस?”

“चष्मा पर्समध्ये होता. तू दिलीस, मी घेतली.”

“शिकलेली माणसं!” तू म्हणालास. “आकडा वाचतात, पट्टी वाचत नाहीत.”

पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य होतं ते. माझ्याही अंगाची आग झाली, पण दारात ती उभी होती म्हणून गिळलं. म्हटलं, “बरं, चुकले. मधे सहा मिलीमीटरचा एक वॉशर घाल. फट भरेल, दोन्ही कड्यांवर सारखं वजन येईल. झालं!”

“वॉशर घातलेली होडी? माझी?”

“कोणाला दिसणार आहे?”

“मला दिसेल.”

तेव्हा तुझी बायको बोलली. आवाज चढवला नाही तिने, कधीच चढवत नाही. “तुम्हाला पुढेही दिसेल हो. माझं काय?”

तू तिच्याकडे बघितलंस, मग कडीकडे बघितलंस. “दोन महिने दे. नवं सुकाणू करतो.” आणि टेम्पोवाल्याला फोन लावलास. ती आत गेली. मी बाहेर पडले तेव्हा ती शीड घडी करत होती, कडांना कडा जुळवून, पडद्यासारखं.

दोन महिन्यांचे सहा झाले. नवं सुकाणू आधी जड झालं, मग त्याला बाक आला. तोवर तिला चेहरे दिसेनासे झाले, आणि नंतर आकाश कुठलं आणि पांढरं कापड कुठलं, तेही कळेना. हे मला तिनेच फोनवर सांगितलं, भाजी महाग झाली सांगावं तसं.

आता त्या पट्टीचं. तू ती मला दिलीस. डोळे मिटून अंगठ्याने ओळखणारा तू. पितळी सामानाचे नमुने केलेस म्हणून ती बाकावर पडली होती आणि घाईत हातात आली, असं तू म्हणशील. असेलही. पण खरं सांगू? मला नाही पटत. तुझ्या नमुन्यांनी कधी वजन पेललं नाही, कधी पाणी पाहिलं नाही. वाळूत दाबले, पुसले, फडताळात ठेवले. त्यांत खोट निघाली तर ती धातूची, ओतणाऱ्याची. होडी पाण्यात गेली असती तर ती एकतर तरंगली असती नाहीतर गळली असती, आणि गळली असती तर ती तुझी म्हणून गळली असती. तू घाबरलास, मिलीमीटरशेठ. अकरा वर्षं घाबरत होतास. आणि नेमकं मी हाताशी सापडले, चष्मा पर्समध्ये ठेवणारी. चष्मा काढायला मला दोन सेकंद लागले असते. कंटाळा केला, माझं माप कोण चुकीचं ठरवणार म्हणून. ती माझी चूक, लिहून देते. बाकीची तुझी.

मग चिठ्ठी आली. पोस्टमास्तर स्वतः जिना चढून आले. निवृत्त झाले तरी त्यांचं वाटप सुटत नाही. तुझं ते टोकदार अक्षर: ‘पितळी वॉशर, एक नग. जाडी सहा मि.मी. भोक बारा, बाहेरून पंचवीस. तुझ्या खालच्या दुकानात मिळतो. ती म्हणते, दिसत नसलं तरी वारा लागेल.’ वर ‘ताई’ नाही, खाली सही नाही.

तू स्वतः वीस मिनिटं चालत येऊन तो घेऊ शकला असतास. मला मागितलास, म्हणजे तुझ्या परीने नमतं घेतलंस, एवढं मला कळलं. पण मला ते तोंडाने ऐकायचं होतं. ‘पट्टी मी दिली.’ तीन शब्द. म्हटलं, आधी फोन येऊ दे. एक आठवडा गेला, महिना गेला. तू वॉशरची वाट बघत होतास, मी फोनची. दोघांनाही वाट बघायची सवय बाबांकडून आली असेल, कोण जाणे.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग विचारलं, “शिडाचं काय झालं?”

“कुठलं शीड, वन्सं?” ती म्हणाली. मग म्हणाली, “हां, ते. माळ्यावर टाकलं असेल. आता कोण शोधतंय!” आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला. रडली असती, तुला शिव्या घातल्या असत्या, मला घातल्या असत्या, तर मी त्याच पावली खाली उतरले असते. तिने काहीच केलं नाही. आता ती मागतच नाही.

चिठ्ठी येऊन वर्ष होत आलं. माझ्या पर्समध्येच आहे, चष्म्याच्या डबीत. दुकान माझ्या जिन्याच्या तोंडाशी आहे. सोमवारी बंद असतं. बाकीचे सहा दिवस उघडं असतं.