अक्कांचा रजेचा अर्ज

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला तर नाहीच. मंडळातल्या कुणी हे वाचलं तर? वाचू दे. म्हणजे — वाचू नये असंच वाटतंय, पण लिहितेय.

अमळनेरच्या आमच्या भगिनी मंडळाची मी बरीच वर्षं चिटणीस होते. मंडळ म्हणजे एक बालवाडी, एक शिवणवर्ग आणि पन्नासेक बायका. अध्यक्ष माई. घटनेत स्पष्ट लिहिलंय, एकीने लागोपाठ दोनदाच अध्यक्ष व्हायचं. माई तिसऱ्यांदा उभ्या राहणार होत्या. पण घटना वाचतं कोण? अक्का वाचायच्या. निवृत्त शिक्षिका, घटनेला खाकी कव्हर घालून पिशवीत बाळगणाऱ्या. वार्षिक सभेत त्या हा प्रश्न काढणार हे सगळ्यांना माहीत होतं. माई मला म्हणाल्या होत्या, तू बघ काहीतरी.

मी काही बघणार नव्हते, खरंच. पण त्याच सुमारास अक्कांच्या यजमानांना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी डबा घेऊन एसटीने गेले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून अक्कांनी वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला — यजमान आजारी असल्याने पुढील तीन मासिक सभांना येता येणार नाही. लेखी न कळवता लागोपाठ तीन सभा चुकल्या की सभासदत्व रद्द, हेही घटनेतच होतं ना! अर्ज माझ्या हातात दिला. एरवी ही बाई साध्या चिठ्ठीचीसुद्धा पोच म्हणून सही घ्यायची. त्या दिवशी घेतली नाही.

पहिल्या सभेत अर्ज वाचायचा राहिला. राहिला — असं मी स्वतःला सांगितलं. तो पर्समध्ये होता आणि पर्स माझ्या मांडीवर होती. दुसऱ्या सभेला तो घरीच ठेवून गेले. तिसऱ्या सभेनंतर माईंनी हजेरीपट बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. तेव्हा तरी बोलायचं की नाही? सून बालवाडीत लागली ती माईंच्या शब्दावर — ते होतं. पण तेवढंच नव्हतं. अक्का माझ्या इतिवृत्तातल्या चुका भर सभेत दाखवायच्या, आणि माई मला शेजारची खुर्ची द्यायच्या. इतकं क्षुल्लक. लाज वाटते सांगायला.

वार्षिक सभेला अक्का आल्या, पार वाळलेल्या. बोलायला हात वर केला, तर माई म्हणाल्या, तुम्ही आता सभासद नाही. अक्का हसल्याच. म्हणाल्या, अर्ज चिटणिसांकडे दिलाय. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. आणि मी म्हणाले, "माझ्याकडे काही आलं नाही."

"पोच आहे का?" माईंनी विचारलं.

सभेत अक्का नेहमी शुद्धच बोलायच्या. त्या दिवशी घरची अहिराणी तोंडात आली. "हिनाकडून पोच कसाले लेऊ मी?"

माझ्याकडून पोच कशाला घ्यायची, एवढंच विचारून त्या उठून गेल्या. प्रश्न निघालाच नाही, माई पुन्हा अध्यक्ष झाल्या. अर्ज मी दुसऱ्या दिवशी गॅसवर धरून जाळला, आणि वास सुटला म्हणून उदबत्ती लावली.

नंतर कितीतरी वर्षं अक्का लांबून दिसल्या की मी गल्ली बदलायचे. आज ना उद्या त्या मला धरून विचारतील — काय सांगणार होते मी? मागच्या आठवड्यात भाजीबाजारात त्यांनी खरंच मनगट धरलं. पण त्या रागावलेल्या नव्हत्या.

"तो अर्ज मी दिन्हाच नही व्हई वं," त्या म्हणाल्या. "तुन्हावर उगाच आळ लिधा. आता काहीच ध्यानमा नही ऱ्हास मन्हा."

विसरण्याचा आजार जडलाय त्यांना. मुलगा जळगावच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तिथे विचारतील, हे कधीपासून सुरू झालं? तर अक्का सांगणार आहेत — त्या अर्जापासून. दिलाच नव्हता, आणि दिला असं वाटत राहिलं. एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, खात्री करून घेत असल्यासारख्या.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हो अक्का, तसंच सांगा."