सावरीची गादी आणि माझी कंबर

माझी कंबर माझ्या सासऱ्यांनी मोडली, पण त्यात त्यांचा हेतू चांगला होता.

लग्नात त्यांनी आम्हाला गादी दिली होती. सासरे म्हणजे नाना, पेणजवळच्या हमरापूरचे. तिथे घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडवतात, तशा नानांकडेही व्हायच्या, आणि त्यांच्या कारखान्यामागे सावरीचं एक उंच झाड होतं. त्या झाडाची बोंडं वेचून, त्यातला कापूस काढून ही गादी भरली आहे, असं मांडवात सर्वांसमोर जाहीर झालं. बायका येऊन गादीला हात लावून गेल्या. माझ्या आईने तर "पोराने नशीब काढलं हो!" म्हणून डोळे पुसले.

सावरीचा कापूस मऊ असतो यात वाद नाही. पण तो काही वर्षंच मऊ असतो. मग त्याच्या गुठळ्या होतात. आमच्या गादीत मधोमध एक डोंगर तयार झाला होता आणि दोन्ही बाजूंना दोन दऱ्या. एका दरीत मी, दुसऱ्या दरीत सुनंदा, आणि आमची लेक मनी शेजारी झोपायला आली की डोंगरावर. सकाळी मी उठायचो तो आधी गुडघ्यांवर, मग भिंतीला धरून, मग सुनंदाला हाक मारून.

"अगं, पिंजून तरी घेऊ या," मी म्हणायचो.

"पिंजाऱ्याचा काय भरवसा? नानांची सावर काढून घेईल आणि भलतंच काहीतरी भरेल!"

"मी समोर बसतो ना राखण करायला."

"तुम्ही? तुम्ही बसल्या बसल्या झोपता."

हे खरं होतं. आडवं पडून झोप लागतच नव्हती, मग माणूस दुसरीकडे कुठे झोपणार?

नाना वर्षातून दोनदा आमच्याकडे रोह्याला यायचे. आल्या आल्या चपला काढायच्या आधी गादीवर थाप मारायचे आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारायचे, "जावयबापू, झोप लागते ना?"

"मस्त लागते नाना!" मी म्हणायचो. (एक हात कंबरेवर, दुसरा दाराच्या चौकटीवर.)

अशी अकरा वर्षं गेली. मग एका मे महिन्यात धाटावच्या आमच्या कंपनीत तिसरी पाळी संपवून मी उठायला गेलो आणि खुर्चीच्या आकारातच उभा राहिलो. तसाच घरी आलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गादी बदला."

सुनंदाचा चेहरा पडला. नाही म्हणाली नाही, पण तिने अट घातली. "नानांना यातलं अक्षर कळता कामा नये. म्हातारपणी त्यांच्या जिवाला लागेल. आणि कळलं, तर मी माहेरी तोंड दाखवणार नाही." मला हे मनापासून पटलं. नानांनी एकेक बोंड वेचून दिलेली गादी! तिला नाकारायची मला स्वतःचीच लाज वाटत होती. पण कंबरेला लाज कुठली?

म्हणून पेणच्या बाजारात न जाता (तिथे नानांना दुकानागणिक ओळख) आम्ही रोह्याच्या बाजारात गेलो. गादीवाल्या शेठने तीन गाद्या समोर टाकल्या. एक फोमची, एक रबराची, एक काथ्याची.

"फोम एकदम मऊ. रबर म्हणजे खरा रबर, झाडाचा, बाहेरच्या देशात हाच वापरतात. आणि काथ्या कडक, पण कंबरेला औषध. बोला, कुठली बांधू?"

मी चपला काढून तिन्हींवर पाळीपाळीने पडलो. पाठीवर पडलो, कुशीवर पडलो, पालथा पडलो. दीड तास झाला. दुकानासमोर माणसं जमली. एकाने शेठला विचारलं, "चक्कर आली काय यांना?" शेवटी शेठच हात जोडून म्हणाला, "साहेब, तिन्ही घेऊन जा! आठ दिवस घरी झोपून बघा. एक ठेवा, दोन परत द्या. फक्त एक गोष्ट. प्लॅस्टिक काढायचं नाही. जिचं प्लॅस्टिक काढलं, ती गादी तुमची."

तीन गाद्या हातगाडीवर चढल्या आणि कुंडलिका नदीच्या पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावात, आमच्या घराकडे मिरवणूक निघाली. पुलावर भेटेल तो विचारत होता, "काय, घरात कार्य काढलं काय?"

"पाहुणे येणार आहेत," मी सांगत होतो. काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं. देव कुठलं बोलणं मनावर घेतो, आपल्याला काय ठाऊक!

मी कंपनीत दर तासाला मीटर बघून लॉगशीट भरणारा माणूस. त्यामुळे गादीची चाचणी मी शास्त्रीय पद्धतीने करायचं ठरवलं. वहीत रकाने आखले. वेळ, कूस, घाम, कंबर, शेरा. तिसरी पाळी असल्यामुळे मी दिवसा झोपायचो, त्यामुळे नोंदी भरायला उजेडही भरपूर होता.

पहिले दिवस फोमचे. अंगाखालच्या प्लॅस्टिकवर चादर टाकली, की चादर आणि मी, दोघंही घसरायचो. एकदा दुपारी मी नुसती कूस बदलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचलो. सुनंदा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "उठलात का? चहा टाकू?" शेरा लिहिला : फोम उतारावर आहे.

मग रबर. त्या मे महिन्याच्या उकाड्यात पाठीखाली घामाचं तळं साचायचं. शिवाय रबराला असा काही वास होता, की सुनंदाने उशाशी अगरबत्ती लावली. आणि हललं की कुरकुर, चुरचुर! मी कूस बदलली की मनी बाहेरून धावत यायची. "बाबा, काय खाताय? मला पण!" तिला वाटायचं मी चिवड्याची पिशवी फोडली. शेरा लिहिला : रबराला पाझर फुटतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्या शास्त्रीय माणसाला प्लॅस्टिकचा संशय आला नाही? नाही आला! आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायची पद्धतच नव्हती. टीव्हीच्या रिमोटवर होतं, स्कूटरच्या सीटवर होतं, मनीच्या दप्तरावर होतं. प्लॅस्टिक हा आम्ही वस्तूचाच भाग धरत होतो.

एव्हाना बिल्डिंगमध्ये बातमी पसरली होती. समोरच्या म्हात्रेकाकू आल्या. "बघू गो सुनंदा, मी पन जरा आरवी होऊन बघतंय," म्हणत रबरावर आडव्या झाल्या, आणि पाच मिनिटांनी त्यांना उचलायला दोघं लागले. पाठ प्लॅस्टिकला चिकटली होती. मग खालचे, वरचे, मागच्या बिल्डिंगमधले, सगळे येऊन पडून जायला लागले. जो तो घामाघूम होऊन उठायचा आणि ठामपणे मत द्यायचा. चहा करून करून सुनंदाची साखर संपली.

सातव्या दिवशी काथ्याची परीक्षा होती. फोम आणि रबर नापास झाल्यामुळे सगळ्यांचं लक्ष आता काथ्यावर. मी हॉलमध्ये मधोमध गादी टाकून डोळे मिटून पडलो. झोप लागते का ते बघायला आठ-दहा शेजारी भिंतीला टेकून गप्प बसले. दाराबाहेर चपलांचा ढीग. रबराचा वास घरात राहिला होता म्हणून उशाशी अगरबत्ती होतीच. सुनंदा आत कांदे चिरत होती.

नेमका त्या वेळी रमेश आला. रमेश सुनंदाचा चुलत भाऊ, काही कामाने रोह्यात आला होता. त्याने चपला बघितल्या. दारातून आत डोकावला. मध्ये मी आडवा, अंगाखाली प्लॅस्टिक, उशाशी अगरबत्ती, भोवती माणसं खाली मान घालून. तेवढ्यात सुनंदा लाल डोळ्यांनी, नाक पुसत बाहेर आली आणि माझी झोप मोडू नये म्हणून तिने त्याला ओठांवर बोट ठेवून "शू!" केलं.

रमेश मागच्या पावलीच वळला. एसटी स्टँडशेजारच्या बूथवरून त्याने हमरापूरला फोन केला, आणि दीड तासात गणपती वाहून नेणारा टेम्पो अकरा माणसांसकट आमच्या दारात उभा राहिला.

मला जाग आली ती बायकांच्या हंबरड्याने. (होय, थोडी डुलकी लागली होती. नोंद करायची राहिली.) मी दचकून उठून बसलो. माझ्याबरोबर पाठीला चिकटलेली चादर आणि प्लॅस्टिकही अर्धं उठलं. सुनंदाची काकू किंचाळली आणि रमेशच्या अंगावर कोसळली.

नाना पुढे आले. हाताला रंग तसाच, घामाने ओला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी अर्धवट टाकून आले होते. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हाय ना? हाय ना जिवंत?"

"हाय नाना," मी म्हणालो. माझ्या दोन्ही गालांवर काळा रंग लागला.

रडणं थांबलं, हसणं सुरू झालं, रमेशला शिव्या घालून झाल्या. आणि मग नानांची नजर हॉलभर फिरली. भिंतीला उभी केलेली फोमची गादी. तिच्या शेजारी रबराची. माझ्याखाली काथ्याची. आणि कोपऱ्यात, सुतळीने करकचून बांधलेली, त्यांची सावर.

 सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली.

"नाना, ते... तुमची गादी उन्हाला घालायची होती, म्हणून तेवढ्यापुरत्या..." मी सुरुवात केली.

"तेवढ्यापुरत्या तीन?"

सुनंदाला रडूच फुटलं. या वेळी कांद्यांशिवाय. "नाना, यांची कंबर हो! उभं राहता येत नाही त्यांना. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

नाना खाली वाकले. काथ्याच्या गादीपाशी बसले, शाडू दाबून बघावा तसा त्यांनी अंगठा दाबला. मग विचारलं, "ह्यो प्लॅस्टिक कशाला?"

"आठ दिवस काढायचं नाही असं शेठ म्हणालाय."

"आठ दिस प्लॅस्टिकवर झोपलाव? मग गादीवर कवा झोपलाव?"

आठ-दहा शेजारी, अकरा पाहुणे आणि मी, सगळे प्लॅस्टिककडे बघायला लागलो. नानांनी खिशातून मूर्तीची कोरणी काढली आणि प्लॅस्टिक उभं फाडलं. "पडा आता," म्हणाले.

मी पडलो. त्यापुढचं मला आठवत नाही.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शेजारी गेले होते, पाहुणे जेवून टेम्पोत बसायच्या तयारीत होते. सुनंदा खाली त्यांना निरोप द्यायला गेली होती, मनी गॅलरीत भातुकली मांडून बसली होती. मी उठून उभा राहिलो. भिंतीला न धरता! समोर नाना एकटेच सावरीच्या गादीपाशी बसले होते आणि तिच्यातल्या गुठळ्या चाचपत होते. मी जवळ जाऊन बसलो.

"नाना, माफ करा. तुम्ही एवढ्या मायेने बोंडं वेचून..."

नानांनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली घेतला. "जावयबापू, सुनंदाला बोलू नका. ही सावर माझ्या झाडाची नाय."

"मग?"

"माझ्या सासऱ्याची. वडखळच्या. माझ्या लग्नात दिलेली. वीस वरसं झोपलो हिच्यावर, कंबर कामातून गेली. पन टाकनार कशी? मंडळींच्या मनाला लागलं असतं. मग सुनंदाचं जमलं. नवी खोळ शिवली नि दिली."

"आणि ते झाड?"

"झाड हाय ना, कारखान्याच्या मागं. बोंडं वाऱ्यावर जातात. कोन वेचीत बसतो!" मग अपराध्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "दर खेपेला तुमाला इचारायचो. तुमी मस्त म्हनायचे. मला वाटलं, गड्याची कंबरच भक्कम हाय."

मला राग यायला हवा होता. अकरा वर्षांच्या गोळ्या, मलम आणि शेक आठवून यायलाच हवा होता. पण मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच डोंगरावरून घसरलेले होतो.

"काय चाललंय दोघांचं?" सुनंदा वर आली होती.

"काय नाय गो," नाना म्हणाले. "सावर बघत होतो. अजून कशी हाय बघ!"

फोम आणि रबर दुसऱ्या दिवशी शेठकडे परत गेले. काथ्या आमचा झाला. तो मी निवडला असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं तर नाना ज्या गादीपाशी बसले तिचं प्लॅस्टिक फाटलं, एवढंच. राहता राहिली सावर.

"हिचं काय करायचं नाना?" त्याच संध्याकाळी नाना निघताना मी हळूच विचारलं होतं.

नानांनी गॅलरीत खेळणाऱ्या मनीकडे बघितलं. मीही बघितलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. मी गादी कडुनिंबाचा पाला घालून नीट गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली.

मनीचं लग्न होऊन आता दोन वर्षं झाली. नवी खोळ मी स्वतः पेणहून आणली, चांगली जाड, निळ्या पट्ट्यांची. "आजोबांच्या गावची सावर आहे," असं सुनंदाने लग्नाच्या हॉलमध्ये सर्वांसमोर अभिमानाने सांगितलं (गाव तिने हमरापूर सांगितलं, मी दुरुस्त केलं नाही). जावई फार गुणी मुलगा आहे, कधी तक्रार करत नाही. परवा मनीचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, ह्यांची कंबर धरलीय हो."

मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर फार वेळ बसत असतील."