मेन मूव्ही का फुल डिस्क?

आमच्या मुरुमच्या स्टुडिओत डीव्हीडी कमी आणि किस्से जास्त साठलेत. लग्नाच्या जुन्या डिस्कवर चरे पडायला लागले, की माणसं त्या कॉपी करून घ्यायला येतात. मी प्रत्येकाला एकच विचारतो, "मेन मूव्ही का फुल डिस्क?" मेन मूव्ही म्हणजे सॉफ्टवेअर फक्त मुख्य चित्रण उचलतं, काम लवकर होतं. फुल डिस्क म्हणजे डिस्कवर असेल नसेल ते सगळं, वेळ खातं. प्रश्न साधा आहे. पण लग्नाच्या बाबतीत आमच्याकडं साधं काही नसतं!

जळकोटचं एक जोडपं आलं होतं. मी प्रश्न विचारला.

"मेनच करा," नवरा म्हणाला. "मेन म्हंजी माझं आलं की झालं."

"तुमचं?" बायको ताडकन म्हणाली. "मेन नवरी असती!"

"घोड्यावर कोण बसलं हुतं?"

"आन् रुसून कोण बसलं हुतं, ते सांगू का?"

मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसलो. शेवटी बाईंनीच निकाल दिला, "फुल करा दादा. ह्यांचं मेन आन् आमचं मेन येगळं हाय."

* * *

त्याच दिवशी संगीताताई आल्या. त्यांचे वडील, आण्णा, दोन वर्षांपूर्वी गेले. ताईंच्या लग्नात आण्णांनी सगळा वेळ स्वयंपाकाच्या चुलींपाशी आणि पंगतीत काढला, कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत. फोटो आहेत, पण हलताबोलता माणूस कुठंच नाही.

"प्लेअरमध्ये डिस्कच लागंना झालीय. ह्यात कुठंतरी आण्णा असतील, तेवढं बघा दादा," त्या म्हणाल्या. "आईला लई आस लागलीय."

मी डिस्क उजेडात धरली. आतल्या कडेला चांगला खोल चरा होता. मला मनातून भीतीच वाटली.

* * *

रफिकभाई माझे पार्टनर. यातली निम्मी लग्नं त्यांनीच शूट केलेली. डिस्क लावली की आधी मेनू दिसतो ना, मागं चित्र हलतंय आणि पुढं 'प्ले'चं बटण, त्या मेनूचा त्यांना भारी अभिमान. म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "मेनू ठेवायचा का?"

येरमाळ्याच्या एका आजोबांना विचारलं. आजोबांनी जरा आठवलं.

"भात, वरण, बुंदी," ते म्हणाले. "वांग्याची भाजी हुती, पर ती आमच्यापतूर आलीच न्हाय!"

याच आजोबांचा पेनड्राइव्ह लहान निघाला. मी म्हटलं, "आजोबा, व्हिडिओ जरा दाबून बसवावा लागंल."

"दाबा की! वऱ्हाड बी जीपमधी दाबूनच बसवलं हुतं."

* * *

सॉफ्टवेअरची एक खोड आहे. डिस्कवरचा सगळ्यात लांब तुकडा तोच मेन, असं ते धरून चालतं. एका रिटायर्ड गुरुजींनी मेन मूव्ही नेली आणि दुसऱ्या दिवशी सपत्नीक हजर.

"अहो, लग्न कुठंय? नुसता आहेर चाललाय! माइकवर नावं आणि स्टीलचे डबे!"

मी घाईघाईनं डिस्क पुन्हा लावायला घेतली. तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. ह्यांच्या घरच्यांना मेन तेवढंच हुतं."

गुरुजी बाहेर जाऊन मोटारसायकल पुसायला लागले.

* * *

संगीताताईंच्या डिस्कची मेन मूव्ही झटक्यात निघाली. मी आणि रफिकभाईंनी ती सगळी पाहिली. अक्षता, पंगत, पाठवणी. आण्णा नाहीत! एकदा वाढप्यांमागं धोतराचा सोगा दिसला, बस. आता ताईंना काय सांगायचं, या विचारानं मला चहा गोड लागेना.

"भाई, मेनू देखा क्या?" रफिकभाई म्हणाले. "जे फिल्ममधी चालत न्हवतं, ते मी मेनूत टाकत हुतो."

फुल डिस्क लावली. चरा नेमका मेनूपाशीच होता. ड्राइव्ह घरघर करायचा आणि थांबायचा. रफिकभाई डिस्क काढायचे, मऊ कापडानं आतून बाहेर पुसायचे, 'या अल्ला' म्हणायचे आणि परत लावायचे. दुपार अशीच गेली. चहा झाल्यावर परत लावली आणि गाडी एकदाची पुढं सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीताताई आईला, सरूकाकूंना, घेऊन आल्या. स्टुलावर बसताना काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मी नवी डिस्क लावली.

मेनू आला. मागं पंगत चाललेली, आणि हातात बुंदीची बादली घेतलेले आण्णा थेट कॅमेऱ्याच्या पुढ्यात आलेले. गाणं टाकायचं राहून गेलेलं, म्हणून आवाज मूळचाच. कॅमेऱ्याच्या बाजूला बघत आण्णा म्हणतात, "सरू, जेवलीस का गं?"

संगीताताईंनी तोंडाला रुमाल लावला.

मेनूच तो, चित्र फिरून पहिल्यापासून सुरू झालं. बादली आली, आण्णा आले. "सरू, जेवलीस का गं?"

रफिकभाईंनी पुढचं लग्न दाखवायला 'प्ले'कडं हात नेला. काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली!

आण्णा परत आले. "सरू, जेवलीस का गं?"

काकू खुदकन हसल्या. स्टूल पुढं ओढून स्क्रीनला म्हणाल्या, "जेवले की वो! तुमी बसा आता."